मुंबईत बांधलेल्या जहाजावर मुलांची सहल: हार्टलीपूलच्या ट्रिंकोमालीची तयारी कशी करायची

इंग्लंडात शनिवार-रविवारची मराठी शाळा चालवणाऱ्यांसाठी, आणि मुलांच्या इंग्रजी शाळेच्या सहलीला पालक म्हणून मदतीला जाणाऱ्यांसाठी हे लिहितेय. इंग्लंडच्या ईशान्य किनाऱ्यावर हार्टलीपूल नावाचं गाव आहे, तिथल्या गोदीत एचएमएस ट्रिंकोमाली नावाचं शिडाचं लढाऊ जहाज उभं आहे. ते मुंबईत बांधलंय, मलबारच्या सागवानात, १८१७ साली पाण्यात उतरलं आणि आजही पाण्यावर तरंगतंय. ब्रिटनमध्ये अजून तरंगत असलेली सगळ्यात जुनी युद्धनौका हीच. पोर्ट्समथची व्हिक्टरी वयाने मोठी आहे, १७६५ ची, पण ती कोरड्या गोदीत उभी केलीय. जहाजाभोवती जुन्या काळचा अख्खा धक्का उभारलाय, शिंप्याचं दुकान, बंदुकवाल्याचं दुकान, छापखाना, तुरुंग, आणि त्या काळचे कपडे घालून माणसं वावरत असतात, मुलांशी बोलतात, बंदूक-तोफ कशी चालायची ते दाखवतात. २०१६ पासून हे सगळं रॉयल नेव्हीच्या राष्ट्रीय म्युझियमचा भाग आहे.

इतकं जवळ असून आपली कितीतरी घरं तिथे गेलेलीच नाहीत ह्याचं मला मनापासून वाईट वाटतं. आणि जे जातात ते दोन तासात फिरून, फोटो काढून, आइस्क्रीम खाऊन येतात आणि मुलाला विचारलं तर त्याला एवढंच आठवतं की तोफ होती. म्हणून माझं एकच सांगणं आहे, सहल एका धाग्यावर बांधा. तो धागा म्हणजे मुंबईचं लाकूड. हे लाकूड कुठून आलं, कुणी तासलं, ते इथे कसं पोचलं, ह्यावर माणसं कशी राहिली. बाकी सगळं त्याला लागून येतं, आणि जे येत नाही ते सोडून दिलं तरी चालतं.

आधी शिकवणाऱ्यांनी ही गोष्ट नीट समजून घ्यायची

मुलांना सांगायच्या आधी आपल्याला ती तोंडपाठ हवी, आणि खरंच गोष्ट इतकी रंगतदार आहे की वेगळं काही रचून सांगायची गरजच नाही.

नेपोलियनशी चाललेल्या लढायांमुळे ब्रिटनमध्ये जहाजांना लागणारं ओकचं लाकूड कमी पडायला लागलं होतं. मुंबईत मात्र गोदी तयार होती आणि वाडिया घराणं तयार होतं. लवजी नसरवानजी वाडिया १७३६ च्या सुमारास सुरतेहून मुंबईला आले, १७५० मध्ये मुंबईची कोरडी गोदी झाली, आशियातली पहिली म्हणतात ती हीच, आणि पुढे लवजींचे नातू जमशेटजी बमनजी तिथले मुख्य जहाजबांधणीकार झाले. ट्रिंकोमाली त्यांच्या देखरेखीखाली बांधलं गेलं.

आता गंमत बघा. १८१२ मध्ये ह्या जहाजाची ऑर्डर निघाली आणि नकाशे जावा नावाच्या जहाजातून मुंबईकडे रवाना झाले. वाटेत ब्राझीलच्या किनाऱ्याजवळ २९ डिसेंबर १८१२ ला अमेरिकेच्या कॉन्स्टिट्यूशन जहाजाने जावाला गाठलं आणि लढाईत जावा संपलं, नकाशेही गेले, मग दुसरे पाठवावे लागले. हे कॉन्स्टिट्यूशन आज बॉस्टनला आहे आणि जगातली तरंगणारी सगळ्यात जुनी युद्धनौका तीच! त्याच जावावर सर थॉमस हिस्लॉप नावाचा सेनापती मुंबईला निघालेला होता. पाच वर्षांनी, डिसेंबर १८१७ मध्ये, महिदपूरला होळकरांविरुद्ध कंपनीच्या फौजेचं नेतृत्व त्यानेच केलं. महिदपूरचं नाव ज्यांच्या कानावरून गेलंय त्या मुलांचे डोळे इथे मोठे होतात.

१८१६ मध्ये बांधणी सुरू झाली तेव्हा जमशेटजींनी जहाजाच्या कण्यात नाव कोरलेला चांदीचा खिळा ठोकला, पारशी रीतीप्रमाणे जहाजाचं भलं व्हावं म्हणून. नारळी पौर्णिमेला समुद्राला नारळ देणारे कोळी बांधव मुलांना ठाऊक असतात, त्यामुळे हा खिळा त्यांना लगेच कळतो, फार समजावावं लागत नाही. १२ ऑक्टोबर १८१७ ला जहाज पाण्यात उतरलं. त्यानंतर महिना व्हायच्या आत, ५ नोव्हेंबरला, पुण्यात खडकीची लढाई झाली आणि पुढच्या वर्षी पेशवाई संपली. म्हणजे इकडे मुंबईच्या गोदीत सुतार हे जहाज पुरं करत होते आणि तिकडे घाटावर आपला इतिहास पालटत होता. दोन्ही तारखा फळ्यावर एकाखाली एक लिहा.

पहिल्या प्रवासात, जानेवारी १८१९ मध्ये, जहाज सेंट हेलेना बेटावर थांबलं. नेपोलियन तेव्हा तिथे कैदेत होता. तिथून त्याच्यावर उपचार केलेला जॉन स्टोको नावाचा एक सर्जन ह्याच जहाजातून इंग्लंडला निघाला. एप्रिल अखेर जहाज पोर्ट्समथला पोचलं, पण तोवर लढाया संपलेल्या, त्यामुळे पंचवीसेक वर्षं ते नुसतं बांधून ठेवलेलं. मग तोफा कमी करून, थोडे बदल करून १८४७ ला बाहेर काढलं, आधी उत्तर अमेरिका आणि वेस्ट इंडिज, नंतर १८५२ ते १८५७ पॅसिफिक. कॅनडाच्या पश्चिम किनाऱ्यावर ट्रिंकोमाली चॅनेल नावाची सामुद्रधुनी आहे, नकाशात शोधायला लावा, सापडते. नंतर सरावाचं जहाज झालं, १८९७ ला भंगारात निघालं होतं, ते जेफ्री व्हीटली कॉब ह्यांनी विकत घेतलं, फूड्रॉयंट असं नाव बदलून मुलांच्या प्रशिक्षणासाठी वापरलं, आणि १९८७ ला हार्टलीपूलला आणून दहाएक वर्षं खपून दुरुस्त केलं. एवढं होऊनही सांगाड्यातलं निम्म्याहून जास्त लाकूड मूळचं, मुंबईत बसवलेलं आहे.

तारीख, बुकिंग, कागदपत्रं

हा भाग कंटाळवाणा आहे, पटकन उरकते. दोन-तीन महिने आधी म्युझियमच्या शाळांसाठीच्या विभागाला ईमेल करा. शनिवार-रविवारची मराठी शाळा म्हणजे त्यांच्या नेहमीच्या शाळा-गटात बसते का, सुट्टीच्या दिवशी सत्र मिळेल का, हे आधी विचारा, कारण शाळांची सत्रं साधारण आठवड्याच्या दिवसांत असतात. तसं सत्र नाही मिळालं तर ग्रुप तिकीट काढून स्वतः फिरवता येतं, खाली दिलेली तयारी केली असेल तर काही अडत नाही. किंमती आणि वेळा ऋतूप्रमाणे बदलतात, त्यामुळे कुणाच्या जुन्या मेसेजवर जाऊ नका, थेट त्यांनाच विचारा.

ईमेलमध्ये एवढं लिहाच: मुलांची संख्या आणि वय, बरोबर किती मोठी माणसं, कुणाला पायऱ्या चढता येत नाहीत का, मोठ्या आवाजाचा त्रास असलेलं मूल आहे का, डबे बसून खायला आडोशाची जागा मिळेल का. आणि शेवटी एक ओळ, की आमच्या मुलांचं मूळ मुंबई-महाराष्ट्रातलं आहे आणि हे जहाज मुंबईत बांधलेलं म्हणून मुद्दाम येतोय. ही ओळ गाळू नका. तिथल्या माणसांना ह्या जहाजाचं खूप प्रेम आहे, त्यांना हे आधी कळलं तर ते मुंबईबद्दल, सागवानाबद्दल जास्त बोलतात.

आपल्याकडची बाजू: पालकांची लेखी परवानगी, ॲलर्जी आणि औषधांची यादी, फोटो काढायला हो-नाही, आणीबाणीचे दोन फोन नंबर, नियमित मदत करणाऱ्या मोठ्यांचे डीबीएस (म्हणजे गुन्ह्यांची नोंद तपासल्याचा सरकारी दाखला), शाळेचा विमा ह्या दिवसाला लागू आहे ना ते, आणि धोक्यांचं एक पानी टिपण. ह्या टिपणात तीन गोष्टी ठळक लिहा: उघडा पाणकाठा, जहाजातल्या उभ्या पायऱ्या, आणि खालच्या डेकवरची बुटकी छतं. सात-आठ वर्षांपर्यंतच्या मुलांना सहा जणांमागे एक मोठा, त्याहून मोठ्यांना दहामागे एक, असं धरा, आणि एक मोठा माणूस मोकळा ठेवा ज्याच्याकडे कुठलाच गट नाही. कुणाला टॉयलेटला न्यायचं, कुणी रडलं, कुणाचा डबा बसमध्ये राहिला, हे सगळं त्या मोकळ्या माणसाचं.

दोघांनी आधी एकदा जाऊन बघून येणं मी अगदी सक्तीचं मानते. बस कुठे थांबते, तिथून गेटपर्यंत मुलांच्या चालीने किती वेळ, टॉयलेट कुठे, वारा सुटला तर आडोसा कुठला, जहाजावर कुठल्या पायऱ्यांवर छोट्यांना उलटं, म्हणजे शिडीकडे तोंड करून उतरायला लावायचं, हे सगळं डोळ्यांनी बघावं लागतं. लीड्सहून बस दीडेक तास घेते, न्यूकॅसलहून तासाच्या आत. ट्रेननेही जाता येतं, स्टेशनपासून चालत जाण्यासारखं आहे, पण पंचवीस मुलं आणि हार्टलीपूलचा वारा, बसच बरी.

सहलीआधीचे तीन-चार वर्ग

सहलीचा खरा जीव इथे आहे. मुलं तिथे जाऊन शिकतील असं समजून नेलं तर ती दुकानात रबरी तलवार शोधत बसतात. आधी हाताने काही केलेलं असेल तर तिथे गेल्यावर ती वस्तू ओळखतात, आणि ओळख पटली की प्रश्न सुटायला लागतात.

पहिल्या वर्गात जहाज जमिनीवर काढा. तोफांचा डेक साधारण १५० फूट लांब आणि रुंदी ४० फुटांच्या आसपास, म्हणजे ४६ मीटर बाय १२ मीटर. शाळेच्या मैदानावर दोरी आणि खडूने आकार काढायचा, सगळ्यांना आत उभं करायचं आणि सांगायचं की इथे तीनशेच्या आसपास माणसं महिनोन्‌महिने राहायची, शिवाय तोफा, पाण्याची पिंपं, शिडं, दोरखंड, दारूगोळा. मग हॉलमध्ये जमिनीवर टेपने १४ इंचाचे पट्टे आखा, छत्तीस सेंटीमीटर. खलाशाला झोळी टांगायला एवढीच रुंदी मिळायची. पाच-सहा मुलांना त्या पट्ट्यांत शेजारी शेजारी आडवं व्हायला सांगा, हसून हसून लोळतात, आणि मग त्यांच्यातलंच कुणीतरी विचारतं की बाजूचा घोरत असेल तर? तिथे उत्तर द्या, की अर्धे लोक पहाऱ्यावर असायचे म्हणून प्रत्यक्षात दुप्पट जागा मिळायची, आणि पहारा चार तासांचा.

दुसरा वर्ग लाकडाचा. हा माझा सगळ्यात आवडता आणि सगळ्यात स्वस्त. ओकमध्ये टॅनिन असतं, ते लोखंडाला खातं, आणि जहाजात तर लोखंडी खिळे आणि पट्ट्या सगळीकडे. सागवान तेलकट असतं, त्यात लोखंड टिकतं, वाळवीही सहसा लागत नाही. हे मुलांना दाखवायला लाकूड लागत नाही, चहा पुरतो, कारण चहातही टॅनिन असतं. आदल्या रात्री भांडी घासायची साधी तारेची घासणी (साबण नसलेली, स्टेनलेस स्टीलची नको) बरणीत व्हिनेगरमध्ये बुडवून ठेवा, झाकण सैल ठेवायचं. वर्गात काचेच्या ग्लासमध्ये कडक कोरा चहा घ्या आणि त्यात ते व्हिनेगरचं पाणी एक चमचा टाका. बघता बघता चहा काळाकुट्ट होतो. पूर्वी शाई ह्याच रसायनातून करायचे. मुलं ओरडतातच. मग विचारायचं, ओकच्या फळीत लोखंडी खिळा आणि वर समुद्राचं पाणी, काय होईल? (हा चहा कुणी पिणार नाही ह्याची काळजी घ्या, ग्लास तुमच्या हातातच ठेवा.) घरात जुना सागवानी पाट, पोळपाट, देव्हारा असेल तर तो आणायला सांगा, हात लावू द्या, वास घेऊ द्या. तिथे जहाजाच्या तुळईला हात लावतील तेव्हा हा वर्ग आठवेल.

तिसरा वर्ग वेग मोजायचा. जहाजाचा वेग नॉटमध्ये का सांगतात हे मुलांना माहीतच नसतं. दोरीला ठराविक अंतरावर गाठी मारलेल्या असायच्या, टोकाला लाकडी फळी, ती मागे पाण्यात टाकायची, २८ सेकंदांचं वाळूचं घड्याळ उलटं करायचं आणि तेवढ्यात हातातून किती गाठी सरकल्या ते मोजायचं. दोन गाठींमधलं अंतर ४७ फूट ३ इंच, म्हणजे १४.४ मीटर. हॉल लहान असेल तर दोन्ही निम्मं करा, ७.२ मीटर आणि १४ सेकंद, उत्तर तेच येतं. एक मूल फळी धरून जागेवर उभं, दुसरं जहाज होऊन दोरीचं रीळ हातात धरून चालत जातं, तिसरं मोबाइलवर वेळ बघतं, चौथं गाठी मोजतं. साधं चालणारं मोठं मूल अडीच ते पावणेतीन नॉट करतं. पळून बघायला सगळ्यांनाच हवं असतं, पळू द्या.

वेळ उरला तर खलाशांची बिस्किटं करा. कणीक, पाणी, मीठ, बास. घट्ट मळायचं, जाडसर लाटायचं, काट्याने भरपूर भोकं पाडायची आणि मंद ओव्हनमध्ये दोनेक तास वाळेपर्यंत भाजायचं. दाताने तुटत नाहीत इतकी कडक होतात, पाण्यात नाहीतर चहात बुडवून खायची. सहलीला बरोबर न्या. रोज एक पौंड असं बिस्किट, खारवलेलं मांस, वाटाणे, आणि १७९५ नंतर रॉयल नेव्हीत लिंबाचा रस, कारण त्याशिवाय हिरड्या सडून माणसं मरायची. लोणच्याची बरणी बरोबर असती तर काय झालं असतं ह्यावर मुलांमध्ये चांगली चर्चा होते.

शेवटच्या वर्गात प्रत्येक मुलाने दोन प्रश्न लिहायचे. इथे एक नियम घालून द्या: कधी झालं असा प्रश्न चालणार नाही, तारखा आपण शिकलोय. हाताने करायच्या कामाबद्दल विचारायचं. हा कोट शिवायला किती दिवस लागतात? तोफेच्या मागे कोण उभं राहतं आणि ती मागे आली की कुठे पळायचं? रात्री दिवा कुठला? पायात काय घालता? जुन्या कपड्यातल्या माणसांना असे प्रश्न विचारले की ती खुलतात, कारण तारखांचं सगळे विचारतात, बुटांचं कुणी विचारत नाही.

सहलीच्या दिवशी

बस साडेआठला सोडा आणि एक घंटी बरोबर घ्या, पूजेचीही चालेल. जहाजावर दर अर्ध्या तासाला टोल असायचे. साडेआठला एक, नऊला दोन, साडेनऊला तीन, असं करत बाराला आठ टोल आणि पहारा बदलला. दर अर्ध्या तासाला एका मुलाने घंटी वाजवायची, बसमध्येही आणि नंतर धक्क्यावरही. म्युझियममधल्या बंद खोल्यांत मात्र नको, इतर लोक असतात.

कपडे: जून असला तरी जॅकेट. नॉर्थ सीचा वारा म्हणजे वाराच. घट्ट बसणारे बूट, चपला-सॅंडल अजिबात नाहीत, त्या पायऱ्यांवर घसरतात. पाठीवर छोटी बॅग चालेल, लांब बंदाची खांद्याला लटकणारी नको, ती शिड्यांवर अडकते.

पोचल्यावर सगळ्यांना टॉयलेट, आणि मग आधी जहाज. धक्क्यावरची दुकानं रंगीत, खेळकर, मुलं तिकडे ओढतात, पण सकाळचं ताजं डोकं जहाजाला द्या. पंधरापेक्षा जास्त मुलं एकदम चढवू नका. अर्धी जहाजावर, अर्धी धक्क्यावर, मग अदलाबदल.

जहाजावर वरच्या डेकवर फार वेळ घालवू नका. तीन डोलकाठ्या, सुकाणूचं चाक, दोरांचं जाळं, मान वर करून बघायचं आणि प्रत्येकाने एकच दोर निवडून डोळ्यांनी तो वर कुठपर्यंत जातो ते शोधायचं. पुढच्या टोकाला कोरलेला पुतळा आहे त्याचं चित्र धक्क्यावरून काढता येतं, म्हणून आता थांबायचं नाही.

तोफांच्या डेकवर मूळ रचनेत अठरा पौंडी तोफा होत्या, म्हणजे एका गोळ्याचं वजन आठ किलोच्या थोडं वर. वर्गात आठ किलोची तांदळाची पिशवी उचलून घेतलेली असेल तर इथे काही सांगावंच लागत नाही. मागच्या बाजूला कप्तानाची केबिन, खिडक्या, उजेड, टेबल. मुलांना तिथे उभं करा, जागा बघू द्या, आणि लगेच खालच्या डेकवर न्या, जिथे खलाशी राहायचे. मोठ्यांना वाकावं लागतं, उजेड कमी, टांगलेली टेबलं. एकापाठोपाठ एक दोन्ही बघितलं की कोण कसा राहायचा हे मुलांना आपोआप कळतं, भाषण लागत नाही.

इथेच, खालच्या डेकवर, पाच मिनिटं सगळ्यांनी गप्प बसायचं. आधी तिथल्या कर्मचाऱ्याला विचारून, जिथे परवानगी असेल तिथे लाकडावर तळहात ठेवायचा. जवळून बघायला सांगा. दोन फळ्यांमधली फट, त्यात जुन्या दोरखंडाचे पिंजलेले धागे ठोकून वर डांबर भरायचे म्हणजे पाणी आत येत नाही. कुठे फळीचा रंग वेगळा दिसतो, ती दुरुस्तीत घातलेली. कुठे लाकूड गडद, गुळगुळीत, कडा झिजलेल्या. जुनं कुठलं आणि नवं कुठलं असेल असा अंदाज मुलांना करू द्या आणि मग कर्मचाऱ्याला विचारून खात्री करा. जमशेटजींचं नाव राहतं, ते राहायलाच हवं, पण करवत ओढणाऱ्या, वासे उचलणाऱ्या, फटी ठोकणाऱ्या शेकडो माणसांची नावं आपल्यापर्यंत आलेली नाहीत. त्यांचं काम मात्र हाताखाली आहे. हे मुलांना मराठीत सांगा, हळू आवाजात. ह्याच्यासाठी तर एवढ्या लांब आलोय.

मग जेवण. डबे साधे: पोळीचे रोल, तिखटमिठाच्या पुऱ्या, इडली. शेंगदाण्याचा लाडू आणि चिक्की घरीच, कुणाला ॲलर्जी असू शकते. आपली कडक बिस्किटं इथे काढायची.

दुपारी धक्का आणि प्रात्यक्षिकं. बंदूक-तोफेच्या वेळा आल्याआल्या विचारून ठेवा, त्याप्रमाणे गट फिरवा. आवाज खरंच मोठा होतो, छोट्यांना आधी सांगायचं आणि कानावर हात ठेवून मागे उभं राहायला परवानगी द्यायची. लढाईच्या जहाजावरचं आयुष्य दाखवणारा आतला भाग अंधारा आहे, जखमी माणसं, सर्जनची हत्यारं, किंकाळ्या वगैरे, पाच-सहा वर्षांच्या मुलांना मी तो टाळायला सांगेन, त्यांना तेवढ्या वेळात पुतळ्याचं चित्र काढायला बसवा. दुकानांमध्ये प्रत्येक गटाने एकच दुकान नीट बघायचं आणि आपले प्रश्न विचारायचे, बाकीच्यांवरून नुसती नजर. गावातल्या माकडाची दंतकथाही मुलांच्या कानावर येईलच: नेपोलियनच्या काळात फुटलेल्या जहाजावरून वाहत आलेलं माकड गावकऱ्यांना फ्रेंच हेर वाटलं आणि त्यांनी त्याला फाशी दिलं, अशी. दंतकथा आहे हे स्पष्ट सांगा, काही मुलं रात्री माकडाचाच विचार करत बसतात.

शेजारी विंगफील्ड कॅसल हे १९३४ चं चाकाचं वाफेचं जहाज आहे, हार्टलीपूलमध्येच बांधलेलं. मुलं दमली नसतील आणि ते उघडं असेल तर बाहेरून एक नजर, बास.

अवघड प्रश्न येणारच

नऊ-दहा वर्षांच्या पुढची मुलं विचारतात: हे जहाज इंग्रजांचं, मग आपण ह्याचं कौतुक का करायचं? प्रश्न चांगला आहे, तो दाबू नका. मी सांगते की लाकूड आणि हात हिंदुस्थानचे होते, हुकूम आणि तोफा दुसऱ्याच्या होत्या, आणि दोन्ही गोष्टी एकाच वेळी खऱ्या आहेत. कारागिरीचा अभिमान वाटू दे आणि ती कुणाच्या कामाला आली ह्याचं दुःखही वाटू दे. मोठ्या मुलांना आंग्र्यांबद्दल जरूर सांगा. इथल्या जुन्या पुस्तकांत कान्होजी आंग्र्यांना समुद्री लुटारू म्हटलेलं सापडतं. मराठ्यांचे ते सरखेल, आरमारप्रमुख, १७२९ ला वारले. मुंबईच्या इंग्रजांना त्यांना हरवणं जमलं नाही. त्यांचा मुलगा तुळाजी, त्याच्या ताब्यातला विजयदुर्ग १७५६ मध्ये इंग्रजांनी घेतला, आणि त्या वेळी पेशवे इंग्रजांच्या बाजूने होते, हेही सांगायचं, लपवायचं नाही. मुलांना खोटा इतिहास दिला तर पुढे इंटरनेटवर खरा वाचल्यावर ती आपल्यावरच विश्वास ठेवत नाहीत.

फटके मारायची शिक्षा, जबरदस्तीने पकडून खलाशी करणं, दारूगोळा वाहणारी दहा-बारा वर्षांची पोरं, हे प्रश्नही येतात. वयाप्रमाणे सरळ उत्तर द्या. माहीत नसेल तर म्युझियमच्या माणसाला विचारायला त्याच मुलाला पाठवा.

परत आल्यावर

पुढचाच वर्ग ह्याला द्या, दोन आठवडे गेले की सगळं उडून जातं. दोन गोष्टी करून घेते. एक, दोरीवरची कालरेषा: दहा वर्षांना एक मीटर, कपड्याच्या चिमट्यांनी कागद लावायचे. १७२९ कान्होजी, १७५० मुंबईची गोदी, १७५६ विजयदुर्ग, १८१२ जावा, १८१७ जहाज पाण्यात आणि खडकी, १८१९ सेंट हेलेना, १८५७ जहाज पॅसिफिकहून परत आणि तिकडे उठाव, १८६९ सुएझ कालवा सुरू, १९८७ हार्टलीपूल. शेवटी मुलांनी स्वतःच्या जन्माचं वर्ष लावायचं. तीस मीटर दोरी लागते, मैदानात करा. सुएझच्या कागदाजवळ थांबून विचारा की मग १८१९ मध्ये जहाज कुठल्या वाटेने आलं असेल, नकाशावर आफ्रिकेला वळसा घालून बोट फिरवायला लावा.

दुसरं, मराठीत पत्र. सेंट हेलेनाला जहाज थांबलंय, तुम्ही जहाजावरचे सुताराचे मदतनीस आहात, मुंबईत गोदीवर काम करणाऱ्या भावाला पत्र लिहा. छोट्यांनी पाच ओळी, मोठ्यांनी एक पान. त्यात एक वास, एक आवाज आणि एक हाताने केलेलं काम आलंच पाहिजे. लेखन कच्चं असलं तरी चालेल, शुद्धलेखन ह्या वेळी तपासू नका, मुलं मोकळी लिहितात.

उन्हाळ्यात भारतातून आजी-आजोबा आलेले असतात. रत्नागिरी, मालवण, अलिबागकडचे असतील तर त्यांना वर्गात बोलवा, शक्य असेल तर सहलीलाच न्या. शीड, नांगर, भरती-ओहोटी, होडीची पहिली पूजा, ह्यावर त्यांना मुलांनी प्रश्न विचारायचे आणि मोबाइलवर रेकॉर्ड करायचं. आणि ज्या घरांची पुढची सुट्टी महाराष्ट्रात आहे त्यांना आत्ताच सांगून ठेवा: मुंबईची ती जुनी गोदी नौदलाच्या हद्दीत आहे, सहज आत जाता येत नाही, पण गेटवेवरून अलिबागच्या बोटीत बसलं की गोदीची बाजू पाण्यावरून दिसते. बसताना मुंबई मागे सुटते त्या बाजूची जागा पकडा.